सातवीच्या वर्गानं आम्हाला सहलीला नेलं

शाळेच्या सहली मी इतक्या केल्या आहेत की त्यांचं मला आता फारसं कौतुक उरलेलं नाही. मी गुहागरकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. सहल म्हटली की माझ्या गळ्यात शिट्टी, हातात उलटीच्या पिशव्या आणि तोंडात "पाण्याजवळ जाऊ नका" हे एकच वाक्य. त्यामुळे सुनंदाचा फोन आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली.

सुनंदा माझी डी.एड.ची मैत्रीण. शिकत असताना आम्ही एकाच खोलीत राहायचो आणि एकाच तव्यावर तिच्या भाकऱ्या नि माझी घावनं भाजायचो. पुढे मी समुद्राकडे परतले आणि ती नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या पुढच्या एका डोंगराकडेच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. गावाचं नाव लिहू नकोस, असं तिनं मला बजावलंय. पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या की मुलांचा अभ्यास बुडतो, असं तिचं म्हणणं. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या दोघींच्या बोलण्यात ते अजून नगरच आहे.

"सातवीची सहल आहे, भंडारदऱ्याला. येतेस?" ती म्हणाली.

"मदतीला माणूस कमी पडतंय का?"

"मदत अजिबात करायची नाही, तीच तर अट आहे. सहल मुलांनी काढलीय. गाडी, रस्ता, जेवण, मुक्काम, सगळं त्यांनीच ठरवलंय. मी नुसती बरोबर जाणार. गाडीत एक जागा रिकामी आहे. मुलं म्हणाली, जिथं पाऊस लई पडतो तिथलं कुणीतरी बोलवा. मला तूच आठवलीस."

पावसाचा नमुना म्हणून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला.

डोंगराकडेचं गाव

आमच्याकडे डोळ्यांसमोर सतत काहीतरी येतं. नारळ, कुंपण, घराचं कौल, वळण. सुनंदाच्या गावात नजर जाते ती जातच राहते. बाजरी निघून गेली होती. तुरीला पिवळी फुलं आली होती आणि काळ्या रानात ज्वारीचे कोंब नुकते डोकं वर काढत होते. डोंगराच्या उतारावर सीताफळीच सीताफळी. पोचल्या पोचल्या सुनंदानं माझ्यापुढे सीताफळांची पाटी ठेवली. आम्ही पाहुण्याला शहाळं देतो, ते प्यायलं की माणूस बोलायला मोकळा. सीताफळ खाताना मात्र तोंड बियांनी भरलेलं असतं आणि समोरच्याचं नुसतं ऐकावं लागतं. पुढच्या दिवसांत मला हेच करायचं होतं, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही.

गाव ऊसतोडीचं. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलपात जातात आणि आईबाप कारखान्यांकडे निघतात. मुलं आजी-आजोबांकडे किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. आईवडील घरी आहेत तोवर सहल व्हायला हवी, म्हणून मुलांनीच ती दिवाळीच्या आधी धरली होती.

सहलीच्या आदल्या दिवशी मी सुनंदाच्या वर्गात जाऊन बसले. फळ्यावर आज काय शिकायचं ते मुलांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. सुनंदा मागच्या बाकावर, माझ्या शेजारी. पुढे दोन मुली अपूर्णांकांच्या भागाकारावरून कडाकडा भांडत होत्या आणि उरलेला वर्ग दोन तट पाडून त्यांना सामील झाला होता. उत्तर दोघींचंही चुकलेलं होतं. मला राहवेना. मी जागेवरून अर्धी उठले तसा सुनंदानं माझा पदर धरून मला खाली बसवलं. थोड्या वेळानं त्यांच्यातली एक खडू फळ्याला टेकवून म्हणाली, "ए, थांबा की. भाकरीचं करून बघू." तिनं फळ्यावर भाकरी काढली, तिचे तुकडे केले आणि वर्ग "हांऽऽ" म्हणाला. भांडण मिटलं. उत्तर बरोबर आलं.

"आणि अभ्यासक्रम?" मी हळूच विचारलं.

"होतो गं. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई असते."

हे सुरू कसं झालं तेही तिनं सांगितलं. एका हिवाळ्यात तिचा घसा असा बसला की आठवडाभर आवाजच फुटेना. रजा शिल्लक नव्हती. ती वर्गात नुसती बसून राहिली आणि मुलांना काही समजलं नाही की ती त्यांच्याकडे प्रश्नार्थक बघायची. मुलांनी मग आपापसांत वाटे पाडले, एकमेकांना शिकवायला घेतलं. "आवाज परत आला," ती म्हणाली, "आणि माझ्या लक्षात आलं की तो कुणाला फारसा नकोय. दोन दिवस रुसले मी. मग विचार केला, हे तर बरंच झालं."

सहलही अशीच एका प्रश्नातून निघाली होती. भूगोलाच्या तासाला जिल्ह्याच्या पश्चिमेला भरपूर पाऊस पडतो, असं वाचल्यावर सोमनाथ नावाचा मुलगा उठून उभा राहिला होता. "बाई, आपल्याच जिल्ह्यात? मंग आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर कामून येतो?" सुनंदा म्हणाली, मलाही बघायचंय. तिथून वर्ग दोन महिने याच कामाला लागला.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे गुरुजी म्हणतात. माणूस प्रेमळ, पण धास्तावलेला. त्यांनी सुनंदाला माझ्यासमोरच सांगितलं, "बाई, मी सही केलीय. पण पोरांच्या भरवशावर काही कमीजास्त झालं, तर पुढच्या वर्षीपासून सहल आपली नेहमीसारखी. आणि तुमच्या वर्गातला हा प्रकारही बंद. पालकांना मला तोंड द्यावं लागतं."

सुनंदा "बरं, सर" म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता.

राहुरी

भल्या सकाळी मिनीबस निघाली. चालवणारे पोपटमामा गावातलेच. पुढच्या सीटवर वैष्णवी नावाची मुलगी, मांडीवर नकाशा घेऊन. घट्ट दोन वेण्या, बारीक चण आणि आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला जागा व्हावा. मुक्कामाची जबाबदारी तिची होती. रस्त्याची सोमनाथची. जेवणाचं दुसऱ्या गटाकडे होतं आणि त्यांनी बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी नि ठेचा एवढा घेतला होता की आम्ही थेट काश्मीरला निघालोय असं वाटावं.

माझ्यासाठी एक नियम झाला. धोका असेल तरच मोठ्यांनी आपणहून बोलायचं, नाहीतर विचारल्याशिवाय नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की जवळचं मूल ओठांवर बोट ठेवायचं. नगर मागे पडेपर्यंत मी इतक्या वेळा पकडली गेले की मुलांनी माझं नाव "कोकणबाई" ठेवून मला पुरतं आपल्यात घेतलं.

राहुरीच्या अलीकडे रान बदललं. दोन्ही बाजूंना ऊस, माणसाच्या डोक्यावरून जाणारा. सोमनाथनं गाडी थांबवली. बांधावर एक मावशी गवत कापत होत्या. मुलांनी त्यांना घेरलं. वैष्णवीनं उसाच्या पात्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मावशी, माझे आई-बाबा तोडायला जातेत. मी असला उभा ऊस कधी बघितलाच न्हवता. मी बघते तवा तो मोळ्या बांधलेला असतो."

मावशींनी खुरपं खाली ठेवलं. "ये बाई, बस," म्हणाल्या, आणि तिला बांधावर शेजारी बसवून घेतलं. पाणी कुठनं येतं, हा मुलांचा पुढचा प्रश्न. "पाटानं. मुळा धरणाचं." आणि धरणात कुठनं? "डोंगरातनं, लेकरांनो. अकोले तालुक्यातल्या."

धरणाच्या भिंतीजवळ गेलो तेव्हा मुलं टाचा उंचावून पाणी बघायला लागली. समुद्र रोज बघणारी मी, मला ते पाणी बेताचंच वाटलं. त्यांच्यातल्या एका मुलीनं मात्र माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मग सोमनाथ नकाशा घेऊन घाबराघुबरा धावत आला.

"लई घोळ झाला! हे मुळा नदीचं पानी हाय. भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवर हाय. आपन ज्या पान्याच्या मागं निघालो ते तिथनं येतच न्हाई!"

मी सुनंदाकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मुलं तिथेच भिंतीच्या सावलीत गोल करून बसली. कुणी म्हणालं मुळेच्या उगमाकडे जाऊ, कुणी म्हणालं मुक्काम ठरलाय त्याचं काय. सोमनाथचा चेहरा रडवेला झाला होता. शेवटी वैष्णवी म्हणाली, "दोन्ही नद्या अकोल्याच्याच डोंगरातल्या हायेत ना? आपल्याला नदी न्हाई, पाऊस बघायचाय. पाऊस काय नदी बघून पडतो व्हय?" सगळे हसले, सोमनाथही हसला, आणि गाडी भंडारदऱ्याकडे निघाली. माझ्या शाळेची सहल असती तर मी घरूनच नकाशा तपासून तयार करून दिला असता. आज मात्र त्या गाडीतल्या प्रत्येकाला कुठली नदी कुठली ते पक्कं कळलं होतं, मलासुद्धा.

भंडारदरा

भंडारदऱ्याच्या अलीकडचं राजूर गाव सोडल्यावर मला घरी आल्यासारखं वाटायला लागलं. घाट, ओलसर माती, भाताची पिवळी होत चाललेली खाचरं, बांधाबांधावर सोनकीची फुलं. मुलं खिडक्यांना लटकली होती. "अगं बया, हे तर सगळंच हिरवं!" एवढंच मागून ऐकू येत होतं. घरी ज्या गोष्टीकडे मी ढुंकून बघत नाही, तिच्यासाठी ओरडणारी माणसं भेटली की आपणही पुन्हा बघतो. मीही बघितलं.

मुक्काम जलाशयाच्या वरच्या अंगाला, एका घरगुती निवासात होता. आम्ही पोचलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. अंगणात मोठ्या शहरांच्या नंबरप्लेटच्या गाड्या लागलेल्या, गाणी चाललेली, दोरीवर टॉवेल. मालक बाहेर आले आणि गोंधळले. "तुम्ही तर पुढच्या शनिवारी येणार होता ना?"

"व्हय, पुढच्याच शनिवारी," वैष्णवी म्हणाली. "म्हंजे आज."

"अगं बाळ, तू फोन केलास तेव्हा आजचा शनिवार म्हणजे येता शनिवार. पुढचा शनिवार त्याच्या पुढचा."

वैष्णवीच्या तोंडचं पाणी पळालं. दोघांनी एकच शब्द वापरला होता आणि दोघांचा शनिवार वेगळा होता. मालक भले होते. त्यांनी मुलांना चहा-बिस्किटं दिली, चार ठिकाणी फोन लावले, पण सुट्ट्यांमुळे सगळीकडे गर्दी. खोली एकही नव्हती.

वैष्णवी सुनंदाजवळ आली. मघाचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बाई, आता तुमीच करा. मला न्हाई जमत."

मी तोपर्यंत मोबाईल काढून राजूरमधली हॉटेलं शोधायला लागले होते. सुनंदानं माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अंधार पडायच्या आत काही झालं नाही तर मी बोलणार. पोपटमामांना गाडी तयार ठेवायला सांगितलंय. तोवर नाही." मग ती वैष्णवीकडे वळली. "मी आहे इथंच. काय काय करता येईल, मला सांग बरं."

नेमका तेव्हाच मोठ्या गुरुजींचा फोन आला. सुनंदानं स्क्रीनकडे बघितलं आणि फोन सरळ वैष्णवीच्या हातात दिला. एक वाक्य इकडचं तिकडे झालं असतं तर सुनंदाची एवढ्या वर्षांची मेहनत गेली असती.

वैष्णवीनं फोन कानाला लावला. "सर, पोचलो. सगळी बरी हायेत... न्हाई सर. मुक्काम चुकला. वार सांगताना माझ्याकडनं घोळ झाला, जागा न्हाई मिळाली. दुसरी शोधतोय." तिकडचं ऐकत ती वेणीचं टोक चावत उभी होती. मग ती म्हणाली, "व्हय सर. व्हय, गाडी हाय जवळ. करते," आणि फोन परत दिला.

"काय म्हणाले?" सुनंदानं विचारलं.

"म्हनले, सापडली की मला फोन कर. तूच कर, म्हनले."

वैष्णवीनं नाक पुसलं, आणि मग मुलांचं सुरू झालं. देऊळ बघू. परत राजूरला जाऊ. गाडीतच झोपू. सोमनाथ म्हणाला, "आपन शाळेतले हाय. शाळेतल्यांनी शाळा शोधावी." हे सगळ्यांना पटलं. निवासाच्या मालकांनी वाट दाखवली आणि आम्ही खालच्या वाडीकडे चालत निघालो.

वाटेत गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक मुलगी भेटली. सगुणा तिचं नाव, वैष्णवीच्याच वयाची. तिची चुलती शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्षा निघाली. सगुणा भाऱ्यासकट आमच्या पुढे चालायला लागली. घराच्या अंगणात या चुलतीबाई सुपात नाचणी पाखडत होत्या. वैष्णवी पुढे झाली आणि तिनं काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं की आम्ही कुठले, कशाला आलो, मुक्काम कसा चुकला आणि तो तिच्याकडूनच कसा चुकला.

बाईंनी सूप खाली ठेवून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "एवढाली पोरं घेऊन तू आलीस?"

"व्हय."

"आन् ह्या दोघी बाया कोन?"

"आमच्या बाई हायेत. आन् ह्या कोकणबाई. त्या पावसासाठी आनल्यात."

चुलतीबाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग घरात वळून हाक मारली, "सगुणे, शाळेची किल्ली आण गं! अन् चुलीवर मोठं पातेलं चढव!"

अंधार पडायला थोडासाच वेळ होता. वैष्णवीनं सुनंदाचा मोबाईल मागून घेतला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन मोठ्या गुरुजींना फोन केला. पाठमोरी होती, पण तिच्या वेण्या उड्या मारत होत्या.

शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. आमच्या भाकऱ्या त्यांच्या ताटात, त्यांचा वाफाळता भात आमच्या ताटात. त्या भाताचा वास असा, की मला घरच्या जुन्या तांदळाची आठवण झाली. आणि वर धरणातल्या लहान माशांचं तिखट कालवण. इथे पूर्वेकडची सगळी मंडळी अडली. काटे कसे काढायचे? वैष्णवी माझ्याकडे आली आणि अख्ख्या सहलीत पहिल्यांदा कुणीतरी मला अधिकृतपणे काहीतरी विचारलं. मी असा काही तास घेतला म्हणता! मासा धरायचा कसा, मणका ओढायचा कुठून, जिभेनं काटा कसा ओळखायचा. वर्ग पूर्ण एकाग्र. सुनंदा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती आणि तिच्या स्वतःच्या घशात काटा अडकला.

सगुणाचा झरा

सकाळी जलाशयावर धुकं होतं. पलीकडच्या डोंगरांची नुसती डोकी वर दिसत होती. वाडीतली मुलं आपणहून आली आणि आमच्या मुलांना घेऊन रानात निघाली. सोमनाथनं सगुणाला पहिलाच प्रश्न विचारला, पाऊस किती पडतो? ती म्हणाली, "पावसाळ्यात चूल पेटत नाही एवढा. दप्तराला बुरशी येते." पूर्वेकडच्या मुलांना हे स्वर्गासारखं वाटलं. मी मान हलवली, आमच्याकडेही दप्तराला बुरशी येते, आणि या वेळी कुणी ओठांवर बोट ठेवलं नाही.

ती आम्हाला एका झऱ्यावर घेऊन गेली. खडकातून बोटभर धार येत होती. खाली दगडांत छोटंसं डबकं.

"हा फेब्रुवारीत आटतो," ती म्हणाली. "मग आम्ही खाली उतरतो. हंडा घेऊन. येताना चढ आहे ना, तेव्हा लई दम लागतो."

सोमनाथनं खाली पसरलेल्या जलाशयाकडे हात केला. "पन एवढं धरन तुमच्या दारात हाय!"

"दारात आहे, पण खाली आहे. ते पाणी वर कुठं येतंय? ते तुमच्याकडं जातं."

"आमच्याकडं न्हाई येत!" आमची सगळी मुलं एका सुरात ओरडली.

सगुणा त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग जातं कुठं?"

मग ती हसायला लागली, वैष्णवी हसायला लागली आणि दोन्ही गावांची मुलं त्या झऱ्याभोवती पोट धरून हसत सुटली. एकाकडे पाऊस नाही म्हणून टँकर, दुसऱ्याकडे पाऊस कोसळतो तरी उन्हाळ्यात हंडा. मी आणि सुनंदा मात्र एकमेकींकडे बघत उभ्या होतो. मी इतकी वर्षं जलचक्र शिकवते. बाण काढते, ढग काढते, समुद्र काढते. त्या चित्रात सगुणा कुठेच नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी झालीच नाहीत. मुलं वाद घालत होती. पाऊस किती पडतो हा आपला प्रश्नच चुकला, असं वैष्णवीचं म्हणणं. "पडल्यावर त्यो थांबतो कुठं, हे इचारायला पायजे हुतं." सोमनाथ म्हणाला, मंग ते विचारायला भंडारदऱ्याला जायची गरजच न्हवती. "गेल्तो म्हनून तर कळलं ना," ती म्हणाली. पोपटमामांनी मध्येच गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून म्हणाले, "आपल्या गावात माझ्या लहानपनी डोंगराच्या पायथ्याला पावसाळाभर पानी साचायचं, बरं का. आता का साचत न्हाई, इचारा की कुनाला तरी." मुलांनी पोपटमामांवरच प्रश्नांची फैर झाडली आणि पाथर्डी येईपर्यंत त्या बिचाऱ्याला गाडी धड चालवू दिली नाही.

पटांगणात

सोमवारी दुपारी शाळेच्या पटांगणात पालक जमले. सहलीचं सांगायचं होतं. मोठ्या गुरुजींनी सतरंज्या घातल्या होत्या आणि आभारप्रदर्शनाचं भाषण खिशात ठेवलं होतं. माझी पुण्याची एस.टी. संध्याकाळी होती. बॅग भरून मी सुनंदाशेजारी बसले.

वैष्णवी उभी राहिली. सगळ्यांत आधी तिनं मुक्काम कसा चुकला तेच सांगितलं. पालकांत कुजबुज झाली. मी मोठ्या गुरुजींकडे बघितलं. ते गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते आणि मान हलवत होते, म्हणजे पुढचं सांग. मग तिनं मावशींचा ऊस सांगितला, दोन नद्या सांगितल्या, सगुणाचा झरा सांगितला. माशाच्या काट्यांवर बायका खूप हसल्या.

मागच्या बाजूला तिचे वडील बसले होते. सडपातळ, उन्हानं रापलेला माणूस. दिवाळी झाली की तोडीला निघणार होते. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "मंग आपल्या गावात पडलेलं पानी थांबवायचं कुठं, ते कळलं का?"

"न्हाई," वैष्णवी म्हणाली. "ते अजून म्हाईत न्हाई."

तिनं मान खाली घातली नाही. सरळ वडिलांकडे बघत म्हणाली, "पाऊस पडला की पानी गावातनं कुठनं कुठनं पळून जातं ते आधी बघावं लागंल. ते तुमाला म्हाईत हाय, आमाला न्हाई. पोपटमामा म्हनले, आधी डोंगराखाली साचायचं. तुमी दाखवाल का? दिवाळीच्या आत?"

तिच्या वडिलांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि उठले. "दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं," म्हणाले. "चला, आत्ताच दाखवतो."

आणि ते चालायलाच लागले. त्यांच्यामागे वैष्णवी, तिच्यामागे वर्ग, मग एक-एक करून सगळे पालक. म्हाताऱ्या बायासुद्धा पदर खोचून निघाल्या. मोठे गुरुजी हातातला भाषणाचा कागद परत खिशात घालून भराभर त्यांच्यामागे गेले. रिकाम्या सतरंज्यांवर आम्ही दोघीच उरलो. सुनंदा रडत होती आणि हसत होती. मी तिला उठवलं.

डोंगराच्या पायथ्याशी कोरडा ओढा होता. तिथे वैष्णवीचे वडील उकिडवे बसून काडीनं मातीत रेघा ओढत होते. पाणी इथनं येतं, इथं वळतं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, छे, छे, आधी तिकडनं यायचं, वरचा बांध फुटला तवापास्नं इकडं वळलं. एका आजींनी दोघांनाही चूक ठरवलं आणि काडी हिसकावून घेत स्वतःची रेघ ओढली. मुलं भोवती बसून विचारत होती, पुन्हा विचारत होती, काही पटलं नाही तर सरळ सांगत होती. मोठे गुरुजी चपला हातात घेऊन ओढ्यात उतरले होते आणि सोमनाथला काहीतरी विचारत होते.

मी एका दगडावर बसून ऐकत राहिले. एस.टी.ची वेळ झाली आणि टळूनही गेली. कुणालाच माझी आठवण झाली नाही आणि मलाही उठावंसं वाटलं नाही. उन्हं कलली तशी आजींची रेघ सर्वांना मान्य झाली आणि ती वर कुठून निघते ते बघायला सगळेजण वर चढायला लागले.